चोपलेल्या भुईखालचा भुईचाफा

अनसू,

उद्या अक्षय तृतीया. सकाळी तुझ्या नावानं घागर भरायची आहे, आणि ती भरून झाली की लगेच गवंडी तुझ्या वाफ्यावर फरशी बसवायला घेणार आहे. मुहूर्त तुझ्या दादांनीच काढून आणला. फरश्या परवा बैलबंडीतून आल्या, त्या विहिरीच्या कडेला रचून ठेवल्या आहेत. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात बसून एकदा त्यांच्याकडे बघते आणि एकदा आंब्याखाली. आंब्याखाली काही नाही. चोपलेली, सारवलेली सपाट जमीन आहे, तिच्यावर वाऱ्यानं पडलेल्या चार कैऱ्या आहेत, बस्स.

तुझा जन्म कुठला, तुला कुठे दिलं, तू परत केव्हा आलीस, असलं काही मी लिहिणार नाही. तुला ते माहीत आहे आणि दुसऱ्यांना त्याचं काही करायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू माझी धाकटी नणंद. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तुला आमच्या दारात आणून सोडलं, तेव्हापासून आपण एका चुलीवर स्वयंपाक केला आणि त्याच चुलीपाशी भांडलो. आता मी भांडायला बसले तर समोरून उत्तर येत नाही. घरात इतकी शांतता मला सोसत नाही, खरं सांगते.

त्या आंब्याखाली काही म्हणता काही उगवत नसे, आठवतं? इतवारीच्या दुकानातून दादा दुपारी जेवायला यायचे आणि हात धुताना त्या काळ्या ओल्या जमिनीकडे बघून चिडायचे. एकदा त्यांनी सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याशा साहेबाच्या माळ्याकडून विलायती रोपं आणली. टांग्यातून, मांडीवर घेऊन. गुलाबी फुलांची, नाव सांगताना त्यांची जीभ वळेना. आठवडाभर त्यांनी ती जपली. मग एकेक रोप लांबडं होत गेलं, पांढरटलं आणि आडवं झालं. दादा म्हणाले, आंबाच तोडतो. सासूबाई म्हणाल्या, माझ्या जिवात जीव आहे तोवर आंब्याला हात लावून दाखव. तू त्या जमिनीवर बसून बोटानं माती उकरून बघत होतीस.

त्या कार्तिकात आपण रामटेकला गेलो. गडावरून उतरताना तू मागे राहिलीस. मी हाका मारमारून दमले. शेवटी पायऱ्यांच्या बाजूच्या झाडीतून तू वर आलीस ती पदराची ओटी भरून. मी म्हटलं, प्रसाद आहे का? तू ओटी उघडलीस. आत मातीनं बरबटलेले गड्डे.

"अनसे, सगळे देव घेऊन चालले न् तू आलं घेऊन चालली!"

"आलं नोहे वं वैनी, भुईचाफा हाय. आपल्या आंब्याखाली लावाले."

"पानंबी नाई त्याले. मेलेला दिसते."

"मेला नाई. निजला हाय."

घरी आल्यावर त्यातला एक गड्डा सासूबाईंनी आंबेहळद समजून धुऊन किसणीवर धरला होता. तू धावत जाऊन त्यांच्या हातातून हिसकावून घेतलास. सासूच्या हातातून वस्तू हिसकावणं मला जन्मात जमलं नसतं. तू लेक होतीस म्हणून जमलं, आणि त्याबद्दल तुला दोन दिवस बोलणी खावी लागली.

त्यानंतरचा पहिला उन्हाळा मी विसरणार नाही. तू ते गड्डे उथळच लावलेस, वर चुलीतली राख आणि आंब्याचा पालापाचोळा. आणि पाणी नाही! मला वेड लागायची पाळी आली. हिवाळाभर कोरडं, शिमग्यालाही कोरडं. मी हंडा घेऊन निघाले की तू आडवी यायचीस. निजलेल्याला पाणी पाजलं तर तो कुजतो, म्हणायचीस. आणि पाचोळा झाडू द्यायची नाहीस. सासूबाईंच्या दृष्टीनं हे पाणी न घालण्याहून वाईट होतं. ज्या घरचं अंगण झाडलेलं नाही, ज्याच्यावर सडा नाही, त्या घरच्या बायका कसल्या? रोज सकाळी खराटा घेऊन त्या एका टोकानं यायच्या आणि वाफ्याच्या कडेशी तू उभी असायचीस. दोघी एकमेकींच्या डोळ्यांत बघायच्या. मी दुरून बघायची आणि मला दोघींची भीती वाटायची.

वैशाखात एका सकाळी तू मला हाताला धरून ओढत नेलंस. पान नाही, देठ नाही, फांदी नाही. पाचोळा बाजूला सरकला होता आणि मातीतूनच फूल वर आलं होतं. पांढरं, आणि मधल्या पाकळीला जांभळा रंग. वाकलं तरच वास यायचा. मी वाकले. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मी छान आहे असं म्हणाले की नाही ते आठवत नाही, पण माझे डोळे भरून आले होते हे नक्की, आणि ते तू पाहिलंस.

पाऊस लागला की पानं यायची. वरून हिरवी, खालून जांभळी. दरवर्षी ज्येष्ठात तू कडेचे गड्डे फोडून पुढे सरकवायचीस. सासूबाई गेल्या तोवर आंब्याखाली भुई दिसेनाशी झाली होती. दादासुद्धा जेवून उठले की हात पुसत तिथं घटकाभर उभे राहायचे. कौतुक त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही, पण आंबा तोडायची भाषा बंद झाली.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते फूल तू कुणाला तोडू द्यायची नाहीस. देवाला नाही, मला नाही. पहिल्याच वर्षी मी एक तोडून तुझ्या केसांत खोवायला निघाले होते. मागच्या अंगणात कोण बघायला बसलं होतं? तू माझं मनगट घट्ट धरलंस.

"हात नोको लावू वैनी."

"काहून? कोन पाह्यते इथं? घाल एक. मी कोनाले सांगत नाई."

"एकच दिवस हाय त्याले. सकाळी उघडते न् सांजेले जाते. तो दिवसबी आपन काहून घ्यावा?"

मला राग यायचा. अजून येतो. जगानं तुझं कुंकू पुसलं, तुझ्या केसांतलं फूल काढून घेतलं, आणि तू स्वतःच्या हातानं फुलांचा मळा लावून त्यातलं एकही स्वतःसाठी घेत नाहीस, म्हणजे तू त्या लोकांचंच ऐकतेस असं मला वाटायचं. तू म्हणायचीस, तसं नाही. मग कसं, असं विचारलं की तू पाचोळा सारखा करायला लागायचीस. दर वैशाखात हेच. गेल्या वैशाखात मी तुला बजावलं होतं, पुढच्या वर्षी तुला खाली पाडीन, छातीवर बसेन आणि फूल माळीन. तू हसत होतीस. "धर मंग, पाहू," म्हणालीस. तो पुढचा वैशाख हा आला.

माघ सरता सरता तुला ताप आला आणि उतरलाच नाही. तुला अंगणात ठेवलं तेव्हा आंबा मोहरला होता. वारा सुटला आणि मोहोर तुझ्यावर पडला, तोंडावर, पांढऱ्या लुगड्यावर. शेजारच्या एक बाई झटकायला पुढे झाल्या. विधवेच्या अंगावर फुलोरा बरा दिसत नाही म्हणे. मी त्यांचा हात धरला. असा धरला की त्यांच्या बांगड्या त्यांच्याच हातात रुतल्या. त्या आता माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. तू मोहोर घेऊन गेलीस, एवढं मला पुरे.

तुझ्या सासरचं कुणी आलं नाही. निरोप दोनदा पाठवला होता. दादांनी ते मनाला फार लावून घेतलं. तेरावं असं करायचं की सगळ्या नागपुरानं बघावं, असं त्यांनी मनात धरलं. माणसं पुष्कळ येणार. फाल्गुनातलं ऊन चटकत होतं आणि सावली एकाच ठिकाणी होती. मी स्वयंपाकघरात त्यांना गाठलं.

"आंब्याखाली पंगत नोका बसवू. तिचा भुईचाफा हाय तिथं."

"काय हाय? वाळला पाचोळा पडला हाय. एक हिरवं पान तरी दाखव."

"निजला हाय तो."

"बहिनीच्या तेराव्याले लोकायले उन्हात बसवू का मी? उद्या म्हनतील, भावानं नीट केलं नाई."

तेही खोटं बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी चार माणसं आली. वर्षानुवर्षांचा पाचोळा त्यांनी ओढून काढला आणि चोपणी घेऊन जमीन ठोकायला लागली. धप् धप् आवाज सकाळपासून दुपारपर्यंत येत होता. मी कान झाकून बसले होते, आणि तुझे दादा उन्हात उभे राहून, इथं अजून एकदा मारा, तिथं उंचवटा राहिला, असं सांगत होते. प्रेमानंच सांगत होते गं. तुझ्यासाठी जमीन गुळगुळीत व्हावी म्हणून. एका बाजूला आचाऱ्यानं लांब चर खणून भट्टी पेटवली, तिच्यावर बुंदीची कढई चढली. चरातली माती गोठ्यामागे टाकली. मग शेणानं सारवलं. बायका म्हणाल्या, आता कसं अंगण दिसतं! पंगती उठल्या, लोक जेवून तृप्त झाले, दादांचं नाव झालं. मी वाढत होते आणि माझ्या पायाखाली तू लावलेले गड्डे होते. प्रत्येक पाऊल टाकताना मला ते कळत होतं.

पुढे जे झालं ते मला आधी कळायला हवं होतं. दादांना ते अंगण आवडलं. ते रोज संध्याकाळी तिथं खाट टाकून बसू लागले. एक दिवस म्हणाले, इथं फरशी घालतो, मधोमध तुळशीवृंदावन बांधतो, अनसूच्या नावाचं. तुझं नाव दगडात कोरायचं ठरवूनही आले. मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, तिचं नाव तिथं आधीच आहे, जमिनीखाली. ते म्हणाले, त्या भट्टीत आणि चोपणीत काय जगलं असेल? मी म्हटलं, जगलं तर? ते आंब्याकडे बघून म्हणाले, "अक्षय तृतीयेपर्यंत एक फूल जरी दिसलं तं फरशी नाई घालत. नाई दिसलं तं मले अडवू नोको." मी हो म्हटलं.

तेव्हापासून मी जगते कशी ते माझं मला माहीत. सकाळी उठून चूळ भरायच्या आधी मी आंब्याखाली जाते. सारवणाला भेगा पडल्या की जीव वर येतो. ओणवी होऊन बघते तर नुसती भेग. एकदा उलथन्यानं भट्टीच्या कडेला उकरलं. हाताला एक गड्डा लागला तो भाजून काळा झालेला, भरताच्या वांग्यासारखा सोललेला. मी तो तसाच पुरून टाकला आणि घरात येऊन कणीक मळली. रोज हंडा भरून आणते, जमीन थोडी भिजेल, सैल होईल, त्यांना वर यायला सोपं जाईल म्हणून. आणि रोज तू आडवी येतेस. कुजतील, म्हणतेस. मी हंडा परत नेते. बरोबर केलं की चूक, तूच सांग. तू नसताना तुझंच ऐकत बसायचं हा काय न्याय आहे?

गेल्या वर्षी या दिवसांत पहिली फुलं आली होती. दादा मला काही विचारत नाहीत. पण काल जेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नाही म्हणून मान हलवली. मला वाटतं त्यांनाही फूल यायला हवं होतं. पण शब्द देऊन बसले, फरश्या आणून बसले. आता ते मागे कसे फिरणार?

अनसू, मी तुला सांगून ठेवते. उद्या फरशी बसली तर मी तिच्यावर पाय ठेवणार नाही. तुळशीला पाणी घालायला दुसरं कुणी बघा म्हणेन. आता उठते, पुरण शिजायला टाकायचं आहे.

अक्षय तृतीया, दिवेलागण.

घडलं तसं लिहिते.

सकाळी आंब्याखाली गेले. काही नव्हतं. पुन्हा एकदा सगळीकडे फिरले, बोटं फिरवली. नव्हतंच. आत येऊन घागर घासली, भरली, वर खरबूज ठेवलं, कैऱ्या ठेवल्या. दादांनी नवं धोतर नेसून तुझं नाव घेतलं, पाणी सोडलं. तेवढ्यात गवंडी आला, बरोबर एक मजूरबाई. गवंड्यानं आंब्याखाली दोरी ताणली. मी दाराशी उभी राहिले, कारण आत जाऊन बसणं मला पळपुटेपणाचं वाटलं.

फरशीखाली भर घालायला माती हवी होती. दादांनी गोठ्यामागचा ढीग दाखवला, तोच, भट्टीच्या चरातून निघालेला. बाईनं घमेलं भरलं, डोक्यावर आणून वाफ्यात ओतलं. दुसरं ओतलं. तिसऱ्याला गेली ती परत येईना. मग गोठ्यामागून आवाज आला.

"मालक, ह्या मातीत तं फूल हाय. टाकू का तसंच?"

मी धावले. डोक्यावरचा पदर पडला तो पडू दिला. ढिगाच्या सावलीतल्या बाजूला, उकिरड्याला टेकून, ते होतं. पांढरं, मधे जांभळं, त्याच सकाळी उघडलेलं. शेजारी एक टोकदार कळी. आम्ही सारे चोपलेल्या जमिनीकडे डोळे लावून बसलो आणि तू इथं, ज्या मातीवर कुणी चोपणी मारली नाही तिथं! मी तिथंच बसकण मारली. मला रडू आलं, मोठ्यानं आलं, गवंड्यासमोर आलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दादा मागून आले. उभे राहिले. मग उकिडवे बसले आणि त्यांनी हात पुढे केला. मला कळलं, त्यांना ते तुझ्या घागरीवर ठेवायचं होतं. आज नाही तर केव्हा ठेवणार? सगळं जग कबूल झालं असतं, शेजारच्या त्या बाईसुद्धा.

आणि मी ओरडले.

"तोडू नोका! तिले नाई आवडत!"

ऐकलंस ना? मी! जी दर वैशाखात तुझ्याशी भांडली, ती मी. दादांचा हात तिथंच थांबला. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. ते उठून घरात गेले. मला वाटलं रागावले. पण ते घागर घेऊन आले, खांद्यावर, नवं धोतर पाण्यानं भिजवत. वरचं खरबूज घरंगळून गेलं तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी घागर फुलाच्या शेजारी मातीत रोवून ठेवली, नीट, कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी माती लावून.

"अनसे," ते म्हणाले, "पानी घे वं."

गवंड्यानं खाकरून विचारलं, फरशीचं काय? दादा म्हणाले, विहिरीपाशी लाव, तिथं चिखल होतो. आणि दोरी त्यांनी स्वतः गुंडाळली. दुपारी जेवण झाल्यावर मी बघते तर ते कुदळ घेऊन आंब्याखाली, हलक्या हातानं कड सैल करत होते. त्यांना ते काम जमत नाही. मी जाऊन दाखवलं, तू दाखवायचीस तसं. खाली काही जगलं आहे की नाही ते पाऊस पडल्यावर कळेल. पाचोळा आजपासून झाडायचा नाही, असं त्यांनी घरात सांगितलं आहे.

मी दिवसभर गोठ्यामागे येऊन जाऊन होते. ऊन उतरलं तशा पाकळ्या मऊ पडल्या, कडा पिवळसर झाल्या, आणि दिवे लागायच्या आत फूल मातीवर निजलं. त्याचा दिवस त्यालाच मिळाला. कुणी तोडलं नाही, कुणी माळलं नाही.

तुझ्या केसांत ते कसं दिसलं असतं, हे मात्र मला बघायचं होतं गं.